दारं अडायची थांबली

४ मार्च

प्रिय ठोक्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तुम्ही तिघंही ठीक असाल. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. पुढचं जरा विस्कळीत असेल, सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं. आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. चष्मा सापडत नाही म्हणाली, आणि चष्मा डोक्यावर होता. "एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही कायमचे येतो" या वाक्यापाशी मला थांबवून म्हणाली, "कायमचे असंच लिहिलंय ना? तू पदरचं घालत नाहीस ना?" मी तिला तुझं अक्षर दाखवलं. ती जी उठली ती तडक शेजारी गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं की ठोक्या बायकोपोरीसकट परत येतोय. ज्यांनी तुला हातोडी घेऊन लोकांच्या पायऱ्या ठोकताना पाहिलंय, त्यांनी पायऱ्या झाकून ठेवायचं ठरवलंय.

पुढची खोली तुम्हाला द्यायची. मी माझा बाडबिस्तरा मागच्या शेडमध्ये हलवला. बाबांचं लाकूड, बाबांचा रंधा, आणि त्यात मी, असं छान जमतं आमचं. खोलीला चुना लावून घेतला. आई बाळासाठी दुपटं शिवते आहे. नातीला अजून पाहिलेलंही नाही, पण ती आपल्यावर गेली आहे याबद्दल तिच्या मनात शंका नाही.

वहिनीला इथलं सगळं नीट सांगितलं आहेस ना? ती सपाट मुलखातली, आणि लग्नानंतर इथे राहिली ती चारच दिवस. तिला सांग की आपली गल्ली जमिनीतल्या एका सांध्यावर बसलेली आहे. सांध्याच्या अलीकडची जमीन एकीकडे जाते, पलीकडची दुसरीकडे. इतकी हळू की पायाला कधी कळत नाही, पण घरांना कळतं. भिंती तिरप्या होतात आणि दारं चौकटीत अडतात. म्हणून या गावात सुताराला कधी बसून राहावं लागलं नाही. आपल्या घरात सांधा स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधून जातो, हेही सांग. माझ्या जन्मापासून आईचं स्वयंपाकघर वीतभर बाजूला सरकलंय. आई म्हणते, जेवायला हाक मारताना तेवढाच घसा जास्त ताणावा लागतो.

आणि मग हे सांग की गेली दोन वर्षं ते सगळं थांबलंय. हिवाळ्यात मी तुला तेच लिहिलं होतं. एकही दार तासावं लागलेलं नाही. मधल्या भेगेत बाबांनी शेवटचा भरलेला चुना अजून तडकलेला नाही. आईचं म्हणणं, बाबा खंगायला लागले तसा घराचाही राग उतरत गेला. "तुझा बाप आणि हे घर एकाच स्वभावाचे," म्हणते. तू येतोस ते माझ्या त्या पत्रामुळे, असं तू लिहिलंस. ते वाचून आधी फार बरं वाटलं होतं.

गावातले बाकीचे सुतार मात्र गेले. दारं अडेनात तर खाणार काय? उरलो मी आणि खोकणारा म्हातारा मिस्त्री. तो शेडबाहेर स्टुलावर बसतो, लोकांच्या दारांना शिव्या देतो आणि माझ्या बटाट्यांत वाटा मागतो.

वरच्या खोलीत एक भाडेकरू आली आहे. जमीन मोजण्याच्या खात्यातली. तिने गल्लीत सांध्याच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे ठोकलेत आणि रोज वाकून त्यांच्यातलं अंतर मोजते. गल्ली तिला मापवाल्या बाई म्हणते. स्वभावाने बरी आहे. कमी बोलते.

एक विचारायचं होतं. छापखान्यात राजीनामा लिहून दिलास, की नुसतं मालकाच्या कानावर घातलंस? सहज विचारते. खोली सोडायची नोटीस दिली असशील तर काही हरकत नाही, दिली नसशील तर लगेच देऊ नकोस. काय आहे, चुन्याचा वास अजून जात नाही. लहान बाळाला तो वास बरा नव्हे. शिवाय खिडकीची एक फळी बदलायची आहे. महिनाभर पुढे ढकललंत तर? किंवा दोन महिने. घाई कशाला?

फोनवरच बोलले असते, पण फोन स्वयंपाकघरात, आणि तो वाजला की आई हातातलं टाकून शेजारी येऊन उभी राहते. शिवाय तू फोनवर "हं" आणि "बरं" यापलीकडे जात नाहीस. तेव्हा पत्रच लिही, शेडच्या पत्त्यावर, माझ्या नावाने.

बाळाला पापा. वहिनीला नमस्कार.

तुझी,
ताई


१३ मार्च

प्रिय ठोक्या,

चार ओळींचं पत्र मिळालं. "चुन्याचा वास दोन महिने राहत नाही, हे सुताराच्या मुलाला सांगू नकोस. बाबांनी एकदा हाकललं. आता तू हाकलतेस का? तसं असेल तर स्पष्ट लिही." शेवटी सहीसुद्धा नाही. वाचून शेडच्या पायरीवर बसून राहिले. मिस्त्रीने विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, पण चाललंय.

मला नीट खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं. पण इतकं वाईट बोलता येतं हे माहीत नव्हतं. तेव्हा आता खरं लिहिते. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझं येण्याचं पत्र आलं त्याच दिवशी मी मापवाल्या बाईंना चहा द्यायला वर गेले होते. आनंदाने फुगले होते अगदी. म्हटलं, "बाई, माझा भाऊ परत येतोय, कायमचा. आणि तुम्ही रोज एवढं वाकून मोजता, तर मी तुम्हाला फुकटात सांगते, दोन वर्षांत गावातलं एक दार अडलेलं नाही. आमचं घर शांत झालंय."

तिने कप खाली ठेवला. "दोन वर्षं? नक्की?"

"माझा धंदा बसला, मला कळणार नाही?"

"मीही तेच मोजते आहे," ती म्हणाली. "माझ्याआधी खात्याने ठोकलेले खिळे इथे फार जुने आहेत. त्यांच्यातलं अंतर बदलेनासं झालं, म्हणूनच मला इथे पाठवलंय. भाऊ एकटाच येतोय का?"

"बायको आणि दहा महिन्यांची मुलगी."

तिने मला बसायला सांगितलं. माझी समजूत अशी की बाई जमिनीचं सरकणं मोजायला आली आहे. ती तर सरकत नाही याची काळजी घेऊन आली होती.

तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पृथ्वीचं वरचं कवच एकसंध नाही, मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. खालचा तापलेला खडक फार सावकाश वाहत असतो आणि हे पट्ट हलत असतात. बोटाचं नख वाढतं ना, त्या वेगाने. आपल्या इथे असे दोन पट्ट एकमेकांना घासत जातात, आणि जाता जाता एकमेकांवर रेलतातही. त्या रेट्याने मधला खडक चुरगळून वर उचलला गेला. तोच आपल्यामागचा डोंगर. लहानपणी तू डोंगरावरच्या दगडातून शिंपला उकरून आणला होतास आणि बाबा म्हणाले होते, कुणीतरी खाऊन टाकला असेल. तर तसं नव्हतं. तो खडक एके काळी समुद्राच्या तळाशी होता.

"म्हणजे डोंगर अजून वाढतोय?" मी विचारलं.

"वाढतोय. पावसाने झिजतोही आहे. पण रेटा आहे तसाच आहे."

"आणि आमची गल्ली?"

"गल्ली त्या दोघांच्या एका सांध्यावर आहे. इतकी वर्षं सांधा थोडाथोडा सरकत होता. घरं वाकडी व्हायची, पण साठलेला रेटा तेवढाच कमी व्हायचा. आता तो सरकत नाही. पट्ट थांबलेले नाहीत. थांबलाय तो फक्त सांधा."

ठोक्या, मला हे कळलं ते लाकडाच्या भाषेत. दमट हवेत टेबलाचा खण फुगून बसतो. आपण ओढतो, येत नाही. आणखी जोर लावतो, तरी येत नाही. तेव्हा तो शांत बसलेला दिसतो, पण आपला जोर त्यात जातच असतो. मग एकाएकी सगळा खण चमच्यांसकट मांडीवर येतो. मी बाईंना तसं म्हटलं. ती म्हणाली, "हो, तसंच. फक्त खण ओढताना तुम्हाला थांबता येतं. इथे ओढणारा थांबत नाही."

"कधी होईल?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"उद्या. तीस वर्षांनी. कदाचित सांधा पुन्हा हळूहळू सरकायला लागेल, काही मोठं होणारच नाही, आणि तुम्ही परत रंधा हातात घ्याल. कधी ते कुणालाच सांगता येत नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! डॉक्टरसुद्धा काहीतरी मुदत देतात. हिने माझ्या तोंडचं पाणी पळवलं आणि बदल्यात साधी तारीखही दिली नाही.

त्या रागाच्या आडोशाने मी मागचं पत्र लिहिलं. स्वतःला म्हटलं, तिलाच नक्की माहीत नाही तर मी का सांगू? तीस वर्षं काही झालं नाही तर? बाळ मोठी होईल, शाळेत जाईल, तिचं लग्नही होईल, आणि आपण सगळे म्हातारे होऊन हसू. आठ दिवस मी एवढ्यावर काढले. मला तू हवा आहेस, ठोक्या. आईला हवा आहेस असं लिहिणं सोपं होतं, म्हणून आजवर तसंच लिहीत आले. रोज संध्याकाळी शेडमधून घरात येताना मला कुणाशी तरी भांडायचं असतं आणि घरात कोणी नसतं. आईशी भांडून मजा येत नाही, ती लगेच जेवायला वाढते.

पण मग मी त्या पुढच्या खोलीत गेले. पाळणा कुठे ठेवायचा ते आईने ठरवलंय. बरोबर भेगेला लागून. तिथे ऊन येत नाही आणि वारा लागत नाही म्हणून. मी जमिनीवर बसले आणि वरच्या तुळईकडे पाहिलं. बाबांनी बसवलेली तुळई आहे, भक्कम आहे. आणि भक्कम म्हणजे जड, याचीच मला धास्ती बसली.

तेव्हा स्पष्ट लिही म्हणालास ना? लिहिते. या घरात राहायला येऊ नका. हिवाळ्यातलं माझं पत्र चुकीचं होतं. घर शांत झालंय असं मी लिहिलं, कारण मला तसं दिसत होतं. इथल्या कुठल्याही सुताराने तेच लिहिलं असतं. दार अडत नाही याला आपण आयुष्यभर चांगलीच बातमी समजत आलो.

तुम्ही दोघं नवीन लग्न झालेले होतात तेव्हा एक बारीक धक्का बसला आणि तू वहिनीला घेऊन रस्त्यावर गेलास, आठवतं? पुन्हा आत झोपायला तयार झाला नाहीस. बाबा म्हणाले, "माझ्या घराला भिणारा माझा कोण?" आणि तू दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. बाबा गेले तेव्हाही गल्लीतूनच मागे फिरलास. आता मी तुला सांगते आहे की भी. यात मला काय वाटत असेल ते तुला लिहून सांगत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. तू आधी राजीनाम्याचं बघ. हात जोडावे लागले तरी जोड.

तुझी,
ताई


२२ मार्च

प्रिय ठोक्या,

मालकाने तुझा राजीनामा पेटीत तसाच ठेवला होता आणि तू मागितल्यावर फाडून टाकला, हे वाचून जीव भांड्यात पडला. देव त्याच्या यंत्रांना तेल देवो. वहिनीने लिहिलेल्या दोन ओळीही वाचल्या. पोर शहाणी आहे. तुला कशी मिळाली कोण जाणे.

तू लिहितोस, "मग तू आणि आई इकडे या. एवढं सोपं आहे." सोपं आहे हे कुणी लिहिलं की मला ओळखता येतं, तो माणूस आपल्या आईबरोबर बरीच वर्षं राहिलेला नाही.

आईला गुरुवारी सांगितलं. ती भाजी चिरत होती. मी बाईंकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, पट्ट, रेटा, खण, सगळं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "थांबलंय ते चांगलं की वाईट?"

"वाईट."

"सरकत होतं तेव्हाही तुम्ही पोरं वाईटच म्हणत होता. तो सरकतंय म्हणून गेला. आता सरकत नाही म्हणून यायचा नाही. मग या घराने करावं तरी काय?"

याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

"आई, त्याने मला लिहिलंय, दोघी या. जाऊ त्याच्याकडे. थोडे दिवस."

"किती दिवस?"

आता यावर काय सांगणार? बाईंनी मला सांगितलं तेच मी तिला सांगितलं, माहीत नाही. आई हसली. "न येणाऱ्या धक्क्याला भिऊन मी लेकाच्या दारात पाहुणी म्हणून बसू? त्याने बोलावलं का मला? त्याने तुला लिहिलं, दोघी या. मला काय लिहिलं?" आणि उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ते दार इतकं अलगद लागलं की मला बाहेर उभ्या उभ्या रडू आलं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, जाते. तिची खात्री झाली आहे की मीच तुला येऊ नको म्हणाले, कारण मला घर एकटीला हवंय. शेजारी तसं सांगूनही आली. दुपटं मात्र शिवतेच आहे. मापवाल्या बाई तिला समजवायला खाली आल्या, तर आईने त्यांना चहा दिला आणि विचारलं की तुमचं लग्न झालंय का. बाई पाच मिनिटांत वर गेल्या.

गावातही कुणाला पटत नाही. बाईंनी सभा घेतली. लोक म्हणाले, दोन वर्षं सुखाची गेली ती यांना बघवत नाहीत. मला त्यांना दोष देता येत नाही, मीही महिन्यापूर्वी हेच म्हणाले असते.

तर आता तुझं काम. आई भीतीपोटी हलणार नाही. तिला हलवायचं असेल तर तिला कुणाला तरी आपली गरज आहे असं वाटायला हवं. वहिनीची इस्पितळातल्या नोकरीतली रजा संपते आहे आणि बाळाला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे, हे तूच मागच्या पत्रात लिहिलंस. मग तेच तिला सांग. येत्या रविवारी गाडी घेऊन एकटा ये, घरात ये, तिच्यासमोर बस आणि म्हण, "आई, आमचं अडलंय, तू चल." जमिनीचं नाव काढू नकोस, बाबांचं काढू नकोस, माझं तर मुळीच काढू नकोस. नुसतं माग.

या घराकडे पुन्हा काही मागणार नाही, असं तू जाताना म्हणाला होतास, ते मला माहीत आहे. आईनेही ऐकलंय. म्हणून तर तू मागितलंस की ती नाही म्हणणार नाही. तुझा ताठा बाबांचाच आहे, तो एक दिवस घरी ठेवून ये. तिला पिशवी भरायला अर्धा तास लागेल, आणि त्यातला निम्मा वेळ ती मला डब्यांबद्दल सूचना देण्यात घालवेल. म्हणजे बोलेल तरी.

आता माझं.

मी लगेच येऊ शकत नाही. शाळेचं काम घेतलंय. शाळेची सगळी दारं बाबांनी बसवलेली, आणि सगळी आत उघडणारी. सांधा सरकत होता तेव्हा ते सोयीचं होतं, वर्गात उभं राहून दार उतरवायचं, तासायचं, परत चढवायचं. बाईंनी एकदा जाता जाता विचारलं, "आणि आतली मुलं सगळी एकदम दाराकडे आली तर?" मला ते काही केल्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेला सांगून एका वर्गात करून पाहिलं. मी बाहेर उभी राहून म्हटलं, पळा! पोरं आरडत दाराशी आली आणि दाराला चिकटली. मागची पुढच्यांना ढकलत होती. आत त्यांच्या मास्तरांना दार स्वतःकडे ओढायला वीतभरही जागा मिळेना. चौकट सरळ होती, जमीन स्थिर होती, तरी दार उघडलं नाही. मग "बसा, बसा" म्हणून मास्तर ओरडले तेव्हा कुठे उघडलं. पोरं खूप हसली. त्यांना पुन्हा खेळायचं होतं. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कधी सुरू करता?"

त्यामुळे सगळ्या चौकटी काढायच्या, बिजागऱ्या फिरवायच्या, दारं बाहेर उघडतील अशी करायची, आणि कडेने चांगली फट ठेवायची, म्हणजे चौकट तिरपी झाली तरी दार सुटेल. दुसरे सुतार असते तर पंधरवड्यात झालं असतं. ते गेले, आणि का गेले ते तुला लिहिलंच आहे. मिस्त्री आणि मी, दोघं मिळून एका दाराला दोन दिवस घेतो. तो खोकतो तेव्हा मी पकडते, मी दमते तेव्हा तो शिव्या देतो. वर्ग बरेच आहेत. आमची दोन दारं झाली आहेत.

वाचून तुला वाटेल, ताई केवढी शूर. म्हणून हे लिहिते, आणि हे आईला कधी कळू देऊ नकोस. मला भीती वाटते. फार वाटते. रंधा चालवता चालवता मी थांबते आणि कान देऊन ऐकते. काही नसतं. रस्त्यावरून जड गाडी गेली तरी हात चौकट घट्ट धरतात, नंतर ते सोडवावे लागतात. मिस्त्री बघतो आणि न बघितल्यासारखं करतो. परवा शाळेत दार उचलताना मुलांची घंटा झाली तर मी दार टाकून अंगणात पोचले होते. दाराची कड फुटली. पुन्हा करावं लागलं.

म्हणून रविवारचं एक सांगून ठेवते. आईची पिशवी मी गाडीत ठेवीन. दारं झाली की मागोमाग येते, असं तिला सांगेन, आणि तिला ते खरं वाटेल. मग ती आत बसल्यावर तू माझ्याकडे वळशील आणि म्हणशील, "ताई, तूही चल." मला माहीत आहे तू म्हणशील, आवाजसुद्धा ऐकू येतोय मला.

ते म्हणू नकोस, ठोक्या. तू एकदा जरी म्हणालास तरी मी येईन. करवत शेडमध्ये तशीच टाकून, पायातल्या चपलांनिशी गाडीत बसेन, आणि ती पोरं त्या दारांच्या आत राहतील. मला थांबवायला दुसरं काही नाही, फक्त तुझं न म्हणणं आहे. तेव्हा आईला बसव, दार लाव, माझ्याकडे न बघता गाडी काढ. मला वाईट वाटेल असं मनात आणू नकोस. वाटेल, पण ते माझं मी बघेन.

रविवारी मला बोलता येणार नाही, म्हणून निरोप इथेच घेते.

तुझी,
ताई